व्रत कोणाचे?

हरिश्चंद्राच्या सत्त्वापायी रोहिदास विकला गेला. त्याला कोणी विचारले नव्हते. परमुलखात अपंग मुलांची सेवा करणाऱ्या मिशनरी कुटुंबांविषयी वाचताना मला रोहिदासच आठवतो. व्रत आईबापांचे, भार मात्र लेकरावरही पडतो.

उदाहरणासाठी परमुलखात जावयास नको. केडगाव आमच्या भोर-वेल्ह्याच्याच जिल्ह्यात आहे. ख्रिस्तसेवेस वाहून घेतलेल्या पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा १८८१ साली जन्मली. ती तान्ही असतानाच वडील वारले, आणि १८८९ पासून शारदासदनातील मुलींबरोबर तिला आई वाटून घ्यावी लागली. पुढे ब्रेल लिपी शिकून तिने केडगावी आंधळ्या मुलींना वाचावयास शिकविले. हे तिचे दान, की आईचा वारसा? ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक असते, त्याच्याच 'होय'ला मोल. ती मोकळीक मनोरमेस कितपत होती, हे रमाबाईंविषयी नितांत आदर असूनही विचारावेसे वाटते. १९२१ साली मनोरमा गेली. १९२२ साली रमाबाई.

भोरास एका आप्तांकडे, आंधळ्या भावाचा हात धरून हिंडणारी दहा वर्षांची बहीण पाहिली. "घटकाभर त्याला मी धरतो, तू खेळून ये," असे म्हणालो. ती आधी आईकडे पाहू लागली.