अधीक्षिका झालेल्या भाचीस

चि. मंजूस,


तुझं पत्र मिळालं. आश्रमशाळेत रुजू झाल्या झाल्या तू मुलींना संध्याकाळी हरिपाठाला बसवायला लागलीस आणि मागच्या रांगेतल्या दोघी तोंडावर हात ठेवून हसतात, याचं तुला वाईट वाटलं. विचारलंस म्हणून सांगते, हरिपाठ बंद कर. तुझा नव्हे, मुलींचा. तुझा तू पहाटे म्हण, कुणी अडवलेलं नाही.

एक तर शाळा सरकारी. पूर्ण सरकारी खर्चावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या 28व्या कलमातच आहे. कायद्याचं राहू दे, पण त्या पोरी काही देवावाचून आलेल्या नाहीत. वारल्यांकडे हिरवा देव आहे, वाघ्या देव आहे. लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. मी जव्हारकडे होते तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तुमचा विठोबा वाघापासून राखतो का?" मी म्हटलं, "ठाऊक नाही गं, तुझ्या वाघ्याला विचारून सांग." तेव्हापासून ती माझ्याशी बोलायला लागली. वाघबारशीला घरी काय काय करतात ते तुझ्या मुलींना विचार, आणि नुसतं ऐकून घे. आणि प्रार्थनेला उशिरा आली म्हणून कुणाचं ताट अडवू नकोस. देवाच्या नावाने भूक शिकवली तर ती पोर देवाला आयुष्यभर तेवढ्यावरूनच ओळखेल.

मग माळ घालून उपयोग काय, असं विचारशील. उपयोग पहाटे पाचला आहे. जूनमध्ये पहिलीच्या नव्या मुली येतात, त्यातल्या कित्येक रात्री अंथरुणात ओलं करतात. घर सुटलेलं असतं, संडास लांब असतो, अंधाराची भीती असते. इतर मुली उठायच्या आत त्या पोरीला हलकेच उठव, फ्रॉक बदल, सतरंजी बादलीत टाक. नाव घ्यायचं नाही, हजेरीच्या वेळी सूचना द्यायची नाही, कामाठ्यालाही सांगायचं नाही. झोपण्याआधी सगळ्यांना रांगेने बाहेर नेलं की निम्मं काम होतं. उवांचंही तसंच. सगळ्यांचे केस सरसकट कापून टाकणं सोपं असतं, वरून हुकूमही तसाच येईल. तू रविवारी फणी घेऊन ओट्यावर बस. एकेकीचं डोकं मांडीवर आलं की घरी कोण आजारी आहे, कुणाचा बाप वीटभट्टीवर गेला, कोण दिवाळीनंतर परत यायचं नाही म्हणतेय, सगळं आपोआप कळतं. चौकशीच्या कोणत्याही तक्त्यात हे येत नाही.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत आणि वसतिगृहही सांभाळत. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, असा त्यांचा क्रम होता. 1947 साली विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले, ते आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मला मात्र त्या घड्याच जवळच्या वाटतात. उपोषण तुझ्यामाझ्याच्याने व्हायचं नाही, घड्या घालता येतात.

आता पावसाळ्याचं, नीट वाच. जमिनीवर निजलेल्या मुलीला मण्यार चावली तर बहुतेकदा कळतही नाही. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोरगी पोटात दुखतं म्हणून उठते, ओकते, मग पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही. अपचन असेल म्हणून ओवा देत बसू नकोस. 108ला फोन कर, गाडीला वेळ असेल तर दूधवाल्याची जीप थांबव, पण थेट ग्रामीण रुग्णालय गाठ. वाटेत श्वासावर लक्ष ठेव. आईबाप भगताला बोलवा म्हणतील. वाद घालू नकोस, भगताची टिंगल तर मुळीच नको. त्यालाही गाडीत घे. तो त्याचे मंत्र म्हणेल, तू तुझं नाम घे, इंजेक्शन दवाखान्यात मिळेल. खाटा अजून आल्या नसतील तर मागणीचं पत्र दर महिन्याला पाठव आणि आवक क्रमांक घेऊन ठेव. तोवर अंथरुणं भिंतीपासून लांब टाकायची, रात्री बॅटरी उशाशी. या बाबतीत चिवटपणा हीच दया, असं माझं मत आहे. गोड बोलणाऱ्या अधीक्षिका मी पुष्कळ पाहिल्या. खाटा कटकट करणाऱ्यांनीच आणल्या.

राहिला आषाढीचा प्रश्न. वारीसाठी रजा टाकू का, असं विचारलंस. यंदा नको. तेव्हा नव्या मुली रडत असतात आणि पाऊसही तेव्हाच असतो. कर्म हीच पूजा वगैरे मी तुला सांगणार नाही. वारी चुकली की चुटपुट लागतेच, मलाही लागायची. पण विठोबा कुठे जात नाही. कार्तिकीला ये. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या असतील, तर निर्धास्त येता येईल. शाळा आधी उघडणार असेल तर सुट्टीतच दोन दिवस काढ, दर्शनाला गर्दीही कमी असते. दादाला तिकिटाचं मी सांगून ठेवते.

तुझी,
आत्या