यमूचं आजीला पत्र
आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथं एकदा हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी मागून पाहा. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येऊ लागली. नायिका यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. नवऱ्याच्या पाठिंब्यानं ती लिहा-वाचायला शिकलेली. विधवा झाल्यावर, बळजबरीनं केशवपन झाल्यावर, तिनं आजीला पत्र लिहिलं असतं तर? ‘तीर्थस्वरूप आजीस यमूचा शिरसाष्टांग नमस्कार’, इथवर लेखणी सरळ चालली असती. पण त्या काळच्या बहुतेक आज्यांना अक्षरओळख कुठली? पत्र वाचून दाखवणार घरातलाच कुणी पुरुष. मग वस्तऱ्याबद्दल ती लिहिणार कशी? ‘मी खुशाल’, एवढंच. आजीचं उत्तरही त्याच पुरुषाच्या हातचं. त्यात तिचं रडू कुठून उतरणार?