मत मागतांना दिलेला शब्द

मनुष्य अधिकारावर नसतांना दुसऱ्याच्या दुःखाविषयीं जें बोलतो, तें अधिकार हातीं आल्यावर त्याला बांधतें कीं नाहीं? हा प्रश्न गांवच्या पंचायतीपासून मोठ्या देशाच्या पार्लमेंटापर्यंत सर्वत्र उत्पन्न होतो. वरवर पाहतां त्याचें उत्तर सोपें दिसतें; परंतु एखादें खरें प्रकरण हातीं घेऊन तें उलगडूं लागलें म्हणजे त्यांतील गांठी दिसूं लागतात. विलायतेंत असें एक प्रकरण पुष्कळ वर्षें गाजलें. इसवी सन १९५० ते १९६० या दहा वर्षांत जन्मलेल्या लाखों स्त्रियांच्या पेन्शनचें तें प्रकरण होय. तेथील कोणत्या पक्षाची बाजू घ्यावी म्हणून आम्ही तें वाचकांपुढें ठेवीत नाहीं. त्यांतून निघणारा बोध आपणां सर्वांस लागू पडतो, म्हणून ठेवितों.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत सांगितला पाहिजे. विलायतेंत वृद्ध माणसांस सरकारी खजिन्यांतून पेन्शन देण्याचा कायदा १९०८ सालीं झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांच्या गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत रक्कम मिळूं लागली. पुढें वयाची मर्यादा खालीं आली. १९४० सालच्या कायद्यानें स्त्रियांसाठीं ती साठ वर्षें ठरली, आणि पुरुषांसाठीं पासष्ट राहिली. बायको बहुधा नवऱ्याहून वयानें लहान असते. तेव्हां दोघांस सुमारें एकाच वेळीं पेन्शन मिळावें, असा त्यांत एक हेतु होता. ही व्यवस्था जवळजवळ सत्तर वर्षें चालली. साठावें वर्ष लागलें कीं पेन्शन सुरू व्हावयाचें, ही गोष्ट तेथील स्त्रियांच्या मनांत पक्की रुजून गेली.

नंतर १९९५ सालीं पार्लमेंटानें ठरविलें कीं, २०१० पासून २०२० पर्यंत स्त्रियांचें पेन्शनचें वय हळूहळू वाढवून पुरुषांच्या बरोबरीनें पासष्ट करावें. २०११ सालीं दुसरा कायदा करून ही चाल अधिक जलद केली गेली. त्यामुळें नोव्हेंबर २०१८ पर्यंत स्त्रियांचें वय पासष्टावर आलें, आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत स्त्रिया व पुरुष दोघांचेंही सहासष्टावर गेलें. या दुसऱ्या कायद्यानें कित्येक स्त्रियांस आणखी दीड वर्षापर्यंत वाट पाहावी लागली.

या बदलाच्या मुळाशीं असलेलें तत्त्व अन्यायाचें नव्हतें. स्त्रीपुरुषांस एकच नियम असावा हें योग्यच आहे. आणि माणसें पूर्वीपेक्षां अधिक वर्षें जगूं लागल्यावर खजिन्यावरील भार वाढतो, हेंही खरें आहे. २०१५ सालीं ज्या पांच स्त्रियांनीं ‘वास्पी’ या नांवाची चळवळ सुरू केली, त्यांचेंही म्हणणें समानता नको असें नव्हतें. त्यांची तक्रार अशी होती कीं, एवढा मोठा बदल आम्हांस वेळेवर व नीट कळविला गेला नाहीं. आणि साठाव्या वर्षाच्या भरंवशावर कोणी नोकरी सोडली, कोणी आजारी आईबापांच्या सेवेस लागली, कोणी जवळची शिल्लक खर्चून टाकली, त्यानंतर आम्हांस खरी गोष्ट समजली.

येथें दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ते वेगळे करण्यासाठीं आपल्या ओळखीचें एक उदाहरण घेऊं. समजा, एका मालकानें आपल्या सालगड्यास सांगितलें कीं, पाडव्याला तुझें साल भरेल आणि ठरलेलें धान्य तुझ्या घरीं जाईल. त्या भरंवशावर गड्यानें मुलीच्या लग्नाची तारीख धरली. पुढें मालकानें मुदत वाढविली, आणि तसें वाड्यावर बसलेल्या चार लोकांस सांगितलें. परंतु गड्याच्या कानीं तें वेळेवर गेलें नाहीं. आतां, मुदत वाढविण्याचा मालकास अधिकार होता काय, हा एक प्रश्न. आणि न कळविल्यामुळें गड्याची जी फजिती झाली तिचा धनी कोण, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर मालकाच्या बाजूनें मिळालें, एवढ्यानें दुसरा मिटत नाहीं.

विलायतेंतही असेंच झालें. कांहीं स्त्रिया न्यायालयांत गेल्या. पण २०१९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें व २०२० सालीं अपिलाच्या न्यायालयानें त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. पहिला प्रश्न तेथें संपला. दुसरा प्रश्न मात्र पार्लमेंटाच्या ओंबड्समनकडे, म्हणजे सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, गेला होता. सर्व कागदपत्र तपासून या कचेरीनें जुलै २०२१ मध्यें असें ठरविलें कीं, पेन्शनच्या खात्याकडून गैरकारभार झाला. १९९५ सालच्या कायद्याविषयीं एकेका स्त्रीस पत्रें जाऊं लागलीं तीं एप्रिल २००९ मध्यें, म्हणजे कायदा होऊन जवळजवळ चौदा वर्षें लोटल्यावर. त्याआधींचीं सगळींच वर्षें खात्याच्या दोषांत धरलीं नाहींत; २००४ पर्यंत खात्यानें दिलेली सार्वजनिक माहिती पुरेशी होती, असेंही सांगितलें. मात्र २००५ नंतरच्या ढिलाईमुळें पत्रें निघावयास अठ्ठावीस महिन्यांचा उशीर झाला, असा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्यें शेवटचा अहवाल पार्लमेंटापुढें ठेवून प्रत्येक पीडित स्त्रीस १,००० ते २,९५० पौंड भरपाई द्यावी, अशी शिफारस केली. सर्वांस अशी रक्कम देण्यास ३५० कोटी ते १,०५० कोटी पौंड लागले असते.

आतां निवडणुकांकडे वळूं. जुलै २०१९ मध्यें हुजूर पक्षाच्या पुढारीपणासाठीं उभे असतांना बोरिस जॉन्सन यांनीं या प्रश्नाकडे नव्या उमेदीनें पाहूं असें म्हटलें. मुख्य प्रधान झाल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, एवढा पैसा आणणें शक्य नाहीं असें त्यांनीं सांगितलें. त्याच निवडणुकींत मजूर पक्षानें, आपला जाहीरनामा निघून थोडेच दिवस झाले असतां, या स्त्रियांस एकंदर ५,८०० कोटी पौंड देण्याचें वचन जाहीर केलें. जाहीरनाम्याच्या खर्चाच्या हिशेबांत ही रक्कम धरलेलीच नव्हती. तो पक्ष ती निवडणूक हरला, म्हणून त्या वचनाची परीक्षा झाली नाहीं. पुढेंही त्या पक्षाचे पुढारी चळवळीच्या स्त्रियांबरोबर उभे राहून छायाचित्रें काढवीत राहिले. २०२२ सालीं कीर स्टार्मर यांनीं हा खरोखरीचा अन्याय आहे, असें म्हटलें. मग जुलै २०२४ ची निवडणूक आली. तिच्या जाहीरनाम्यांत मजूर पक्षानें या भरपाईचें वचन दिलें नाहीं. पक्ष जिंकला, आणि १७ डिसेंबर २०२४ रोजीं त्या खात्याच्या मंत्री लिझ केंडल यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, अठ्ठावीस महिन्यांच्या उशिराबद्दल आम्ही क्षमा मागतों, परंतु भरपाई देणार नाहीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें, २००७ सालचा एक जुना कागद पुढें आल्यामुळें, त्यांच्या जागीं आलेले मंत्री पॅट मॅकफॅडन यांनीं त्या निर्णयाचा पुन्हा विचार करण्याचें जाहीर केलें. पण यावरून भरपाई मिळेलच असें कोणी समजूं नये, असेंही बजावलें.

२०२४ सालच्या नकाराच्या बाजूनें तीन गोष्टी पुढें करण्यांत आल्या. त्यांचा न्यायबुद्धीनें विचार केला पाहिजे.

पहिली गोष्ट ही कीं, जाहीरनाम्यांत आम्हीं वचन दिलेंच नव्हतें. अक्षरशः हें खरें आहे. परंतु वचन केवळ कागदावरच होतें काय? जो मनुष्य पीडिताच्या शेजारीं उभा राहतो, त्याच्या मागणीचा फलक हातीं धरतो, आणि हा अन्याय आहे असें चारचौघांत म्हणतो, त्यानें ‘मी देईन’ हे शब्द उच्चारले नाहींत तरी ऐकणाऱ्याच्या मनांत आशा उत्पन्न केली आहे. ती आशा उत्पन्न व्हावी, म्हणूनच तो तेथें उभा होता. दुसऱ्याच्या मनांत आपण जाणूनबुजून जी समजूत होऊं दिली, तिची जबाबदारी आपल्याकडेच येते. सही केली नव्हती, ही पळवाट सावकारीच्या खटल्यांत शोभेल, नीतीच्या विचारांत शोभत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, २००६ सालच्या पाहणीप्रमाणें त्या वयाच्या शंभरांपैकीं नव्वद स्त्रियांस वय वाढणार असल्याचें ठाऊक होतें. येथें बारकाईनें पाहिलें पाहिजे. बदल होणार आहे हें ऐकून असणें ही एक गोष्ट, आणि त्या बदलानें माझें वय कोणतें ठरलें हें ठाऊक असणें ही दुसरी. खात्याच्याच २००४ सालच्या पाहणींत आपलें वय साठाच्या पुढें गेलें आहे हें शंभरांतील त्रेचाळीस स्त्रियांसच ठाऊक असल्याचें दिसलें होतें. नदीला पूर येणार अशी वदंता गांवभर असली, म्हणून ज्याचें काम दवंडी पिटण्याचें होतें त्याचा दोष नाहींसा होत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे. १,०५० कोटी पौंड ही रक्कम आकाशांतून पडत नाहीं. ती कर देणाऱ्या लोकांकडूनच यावयाची. त्यांत कष्टाळू तरुण आहेत, लहान मुलांचे आईबाप आहेत, या स्त्रियांपैकीं कांहींहून गरीब असलेले लोकही आहेत. सर्व स्त्रियांस सरसकट सारखी रक्कम दिली, तर जिची कांहीं हानि झाली नाहीं तिलाही ती मिळेल. हा आक्षेप खोटा नाहीं. एकाचें ऋण फेडण्यासाठीं दुसऱ्याच्या ताटांतील घांस काढण्याआधीं राज्यकर्त्यानें थांबून विचार करावा, हें त्याचें कर्तव्यच आहे. परंतु यावरून इतकेंच निघतें कीं, भरपाई जपून व मापून द्यावी. मुळींच देऊं नये, हें त्यांतून निघत नाहीं. ऋणको पुष्कळ आहेत म्हणून ऋण खोटें होत नाहीं, आणि धनको पुष्कळ आहेत म्हणूनही होत नाहीं. शिवाय ज्यानें खजिन्याची अडचण आज सांगितली, त्यास ती छायाचित्र काढवितांना ठाऊक नव्हती काय? ठाऊक असल्यास त्यानें ती तेव्हांच सांगावयाची होती. ठाऊक नसल्यास चौकशी केल्यावांचून बोलावयाचें नव्हतें.

आमच्या मतें या प्रकरणांतील मुख्य दोष येथें आहे. २०१९ सालीं ५,८०० कोटी आणि २०२४ सालीं शून्य, हे दोन आंकडे एकमेकांचे उलट दिसतात. परंतु दोन्हींचें मूळ एकच आहे. दोन्ही वेळां हानि किती झाली, तिची जबाबदारी कोणाची व किती, आणि फेडण्याचें बळ किती, हें आधीं मोजून मग तोंड उघडलें गेलें नाहीं. मधलें माप स्वतंत्र तपासणाऱ्यानें काढून पुढें ठेविलें होतें. त्याहून कमी द्यावयाचें असतें, किंवा ज्यांची अडचण अधिक त्यांसच प्रथम द्यावयाचें असतें, तरी तें न्यायाच्या वाटेवरचें पाऊल झालें असतें. दोष कबूल करून केवळ क्षमा मागणें, हें शेजाऱ्याचें पीक आपल्या गुरांनीं खाल्लें असतां त्याच्या बांधावर जाऊन हात जोडून परत येण्यासारखें आहे. हात जोडणें चांगलें. पण त्यानें शेजाऱ्याच्या घरीं ज्वारी येत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मतें मागतांना इतका हिशेब सांगत बसणारा उमेदवार निवडून येणार नाहीं. कदाचित् येणार नाहीं. ‘तुमचें दुःख मला दिसतें, परंतु तुम्ही मागतां तितकें देण्याचें माझ्या हातीं नाहीं, इतकें मात्र करीन’ असें जो सरळ सांगतो, त्यास टाळ्या कमी पडतात. ती सत्याची किंमत आहे, आणि ती बोलणाऱ्यानें स्वतः द्यावयाची असते. जो ती चुकवितो, तो ती दुसऱ्याच्या माथीं मारतो. विलायतेंत ती साठी ओलांडलेल्या स्त्रियांच्या माथीं बसली. त्यांपैकीं कित्येक जणी वाट पाहतां पाहतां हें जग सोडून गेल्या.

ऐकणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे. कोणी आपल्या दुःखाविषयीं गोड बोलूं लागला, म्हणजे त्यास तीन प्रश्न विचारावे: किती देणार? कोठून देणार? केव्हां देणार? ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्यास या प्रश्नांचा राग येत नाहीं. आणि वाचकहो, आपणांपैकीं कोणी पंचांत बसतात, कोणी शाळा चालवितात, कोणी पतपेढीचा कारभार पाहतात. आज नाहीं तर उद्यां कोणी तरी अडलेला मनुष्य आपल्या दारीं येईल. त्याचें ऐकून आपलें अंतःकरण द्रवेल, हें चांगलेंच आहे. परंतु त्या भरांत ‘पाहूं, करूं, होईल’ असे शब्द सहज तोंडांतून जातात, आणि तो मनुष्य ते शब्द घरीं नेऊन त्यांवर आपला संसार उभारतो. म्हणून आधीं आपली कोठी उघडून पाहावी, मग बोलावें. आणि एकदां बोललें म्हणजे, पोतें भरून देतां आलें नाहीं तरी पायली तरी नेऊन पोंचती करावी.