जन्माने शाकाहारी

हिंदी चित्रपटातले घरगुती जेवण बहुधा शाकाहारी असते आणि ते तसे असल्याचे कोणी बोलून दाखवत नाही. आई गरम पराठा वाढते, सून डाळीला फोडणी देते, प्रसंग पुढे सरकतो. ताटात मांस आले की मात्र पटकथेला त्याची दखल घ्यावी लागते. खाणारा मुसलमान असतो, ख्रिस्ती असतो, मौजमजा करणारा पंजाबी असतो, खलनायक असतो, नाहीतर वाट सोडलेला ब्राह्मण. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशातले पंधरा वर्षांवरील सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास, तर तेलंगणात जवळजवळ ९९ टक्के. म्हणजे बहुसंख्यांचे रोजचे जेवण पडद्यावर खुलासा मागते आणि उरलेल्यांचे मागत नाही.

पाश्चात्त्य पडद्यावर नेमके उलटे घडते. तिथे शाकाहारी माणूसच वेगळा पडतो आणि त्यालाच कारण द्यावे लागते. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या १९९५मधल्या एका भागात लहानगी लिसा कोकरू पाहून येते आणि रात्री ताटातल्या मांसाला हात लावत नाही. घरात थट्टा होते, शाळेत टर उडते, चिडलेली लिसा बापाच्या मेजवानीतले भाजलेले डुक्कर पळवते. शाकाहाराचे पुरस्कर्ते असलेले गायक पॉल मॅकार्टनी आणि त्यांची पत्नी लिंडा या भागात यायला तयार झाले ते एका अटीवर: लिसा पुढेही शाकाहारीच राहिली पाहिजे. ती राहिली. इथे शाकाहार हा एका मुलीने घेतलेला निर्णय आहे. त्यावर वाद घालता येतो, त्यात ती चुकू शकते, इतरांशी जुळवून घ्यायला शिकू शकते.

भारतीय पडद्यावर असा निर्णय घेणारे पात्र क्वचितच सापडते. इथे शाकाहार जन्माबरोबर येतो आणि मांस ही ओळख पटवायची खूण ठरते. कबीर खान यांच्या ‘बजरंगी भाईजान’मध्ये (२०१५) ही पद्धत अगदी उघडपणे दिसते. चांदणी चौकातल्या सोवळ्या घरात आणलेली मुकी मुलगी तिथले जेवण नाकारते आणि शेजारच्या मुस्लिम घरात जाऊन कोंबडीवर ताव मारते. गोरीपान आहे म्हणून तिला ब्राह्मण समजणारा नायक पवन आता ती क्षत्रिय असावी असा तर्क लढवतो. पुढे ती मशिदीत जाते, पाकिस्तानच्या विजयावर नाचते आणि उलगडा पुरा होतो. पोरीची जात-धर्म शोधण्याच्या या तपासात पहिला पुरावा कोंबडीचा आहे. चित्रपट उदार मनाचा आहे, पवनला तो बदलवतो, चिकनवर एक खुसखुशीत गाणेही देतो. पण ताटावरून माणूस ओळखता येतो हे त्याचे गृहीतक शेवटपर्यंत जागचे हलत नाही.

हीच खूण वाईट हेतूने वापरली की काय होते, ते संजय लीला भन्साळी यांच्या ‘पद्मावत’मध्ये (२०१८) दिसते. अल्लाउद्दीन खिलजी मांसाचे मोठे तुकडे दातांनी तोडतो. त्याची क्रूरता आणि त्याची भूक कॅमेरा एकाच नजरेने पाहतो. गंमत अशी की पद्मावतीची ओळखच हरणामागे धावणारी शिकारी म्हणून होते आणि तिचा बाण रतनसिंहाला लागतो. शिकार ही राजपूत दरबाराची जुनी हौस, आणि शिकारीचे मांस तिथल्या भटारखान्यात शिजत असे. चित्रपटात शिकारीचे शौर्य येते, तिचे जेवण येत नाही. रजपुताच्या हाती धनुष्य शोभते. हाड तेवढे खिलजीच्या.

ब्राह्मण पात्राने मांस खाल्ले की विषय थेट धर्मभ्रष्टतेवर जातो. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरचा कन्नड ‘संस्कार’ (१९७०) अग्रहारातल्या नारणप्पाच्या मृत्यूभोवती फिरतो. मद्यमांस सेवन करणाऱ्या, देवळाच्या पुष्करणीतले मासे धरणाऱ्या या माध्व ब्राह्मणाचे प्रेत कोणी उचलायचे, हा पेच. मद्रासच्या सेन्सॉरने हा चित्रपट आधी अडवला; पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. अर्ध्या शतकानंतर तमिळ ‘अन्नपूर्णी’ची गत फारशी वेगळी झाली नाही. श्रीरंगमच्या देवळातल्या स्वयंपाक्याची मुलगी शेफ होण्यासाठी मांस शिजवायला शिकते, एवढे कथानक. सेन्सॉरचे प्रमाणपत्र घेऊन डिसेंबर २०२३मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. मुंबईत पोलिसांकडे तक्रार गेल्यावर जानेवारी २०२४मध्ये नेटफ्लिक्सने तो काढला आणि झी स्टुडिओजने माफी मागितली. संवादात रामाच्या आहाराचा उल्लेख होता, बिर्याणी करण्याआधी नायिका नमाज पढते, हे आक्षेप होतेच. पण ती नायिका दुसऱ्या कुठल्या जातीची असती तर तिच्या कढईकडे कोणाचे लक्षही गेले नसते.

मराठीत या प्रश्नाची खालची बाजू नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने दाखवली. कैकाडी कुटुंब गावातली डुकरे पकडते आणि ते काम घरातल्या शाळकरी जब्याला शाळेतल्या पोरांसमोर करावे लागते. डुक्कर घेरलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, अख्खे कुटुंब ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. शाकाहाराचा एक शब्दही न उच्चारता पवित्र-अपवित्र आहाराची उतरंड इथे समोर येते. तिच्या तळाशी कोण आहे, हे त्या उभ्या राहण्यातच दिसते.

दूरचित्रवाणीला एवढा पेच परवडत नाही. २०१५मध्ये ‘मास्टरशेफ इंडिया’चे संपूर्ण पर्व शाकाहारी ठेवले गेले, मासळी-मटण हातखंडा असणाऱ्यांनाही आपली कला पनीर-भाजीतच दाखवायची होती. मराठी मालिकांच्या जेवणाच्या टेबलावरही पोळी-भाजी, वरण-भात आणि सणाला पुरणपोळी हेच घरपण. कोणाला खटकू नये आणि जाहिरातदाराने नाक मुरडू नये, हा व्यवहार त्यामागे असावा.

या सोयीत महाराष्ट्राचा खरा शाकाहार मात्र हरवला. सारस्वत ब्राह्मण मासे खातो, आणि वारकरी संप्रदायात माळ घातलेला मराठा, माळी किंवा दलित ते सोडतो. दोन्ही पडद्याच्या समीकरणात बसत नाहीत. आजी माळकरी म्हणून मटणाची वेगळी चूल परसात मांडणारी घरे आहेत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी पाळून बुधवारी आणि रविवारी बाजार गाठणारी त्याहून जास्त. शाकाहार इथे दिवसांचा, व्रताचा, कधी केवळ सासूच्या धाकाचा असतो, आणि त्यात रोजचा घासाघिशीचा भाग भरपूर. मालिकांत श्रावण येतो तो मंगळागौरीच्या खेळांपुरता. आदल्या अमावास्येची गटारी, मच्छीबाजारातली शेवटची गर्दी आणि महिनाभर कोणी किती पाळायचे यावरून घरात होणारी कुरबूर लेखकांच्या टेबलावर पोहोचतच नाही.