प्लायवूडचा भरवसा

कुलूप चोरासाठी नसतं, सज्जनांसाठी असतं म्हणतात. तसं असेल तर आमच्या जिन्यात सज्जन फारच!

समोरच्या काकांचं दार फुटलं. पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि पंचनामा उरकला तेव्हा रात्रीचे अकरा. एवढ्या रात्री सुतार आला हेच नवल. बारा मिलिमीटरचं प्लायवूड बाहेरून लावून त्याने आठ स्क्रू पिळले, मजुरी दिवसाचीच घेतली. "काकू, झोपा निवांत." काकू आमच्याकडे खरंच झोपल्या. वास्तविक ते स्क्रू काढायचं हत्यार त्याच्याच पिशवीत होतं!

आम्हां बँकवाल्यांचा हिशेब सोपा. 1 जानेवारी 2022 पासून लॉकर फोडला गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. अनोळखी सुतारावर काकूंनी टाकलेला विश्वास मात्र कुठल्या रकान्यात मांडायचा? आणि मी का जागा होतो?

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिऱ्हाडाने नवं कुलूप आणलं. बसवायला सुतार तोच. त्याला नाव कुणीच विचारलं नाही, प्रत्येकाने विचारलं ते एवढंच, "किल्ल्या तीनच ना रे?"