आज एकच दार

ओट्याखाली सहा दारं असतील, आठ असतील. असू देत. गॅसशेजारचं, सगळ्यांत चिकट झालेलं, तेवढंच आज घेऊ.

त्याच्यासमोर खाली बसा. हवा तर पाट घ्या.

श्वास आत येऊ द्या. सावकाश बाहेर जाऊ द्या.

पाहा. मुठीभोवती काळपट डाग आहे. रोज तिथेच हात लागतो. ओला, पिठाचा, हळदीचा. खालची कड किंचित फुगली आहे. फरशी पुसतानाचं पाणी तिथे मुरत आलंय.

अजून काही करायचं नाही. नुसतं पाहा.

आता दार उघडा. आतल्या फळीवर बोटांनी टकटक करा आणि ऐका. आवाज खणखणीत येतोय? मग सांगाडा धड आहे, त्याला हात लावायचा नाही. बद्द आवाज आला, भुसा गळला, तर ते काम सुताराचं.

बिजागरीचे स्क्रू एकेक काढा. वाटीत ठेवा. दाराच्या मागे पेन्सिलीने आकडा घाला.

वर्तमानपत्र पसरा. दार आडवं ठेवा.

कोमट पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा. फडकं बुडवा, पिळा, फिरवा.

वास येतोय? हिंग, मोहरी, जुनं तेल. किती फोडण्या इथे बसल्यात. त्या वासापाशी थोडं थांबा.

मग साध्या पाण्याचं फडकं. मग कोरडं. तेलाचा अंश राहिला तर वर रंग धरत नाही.

दार वाळू द्या. तुम्हीही बसा.

आता पॉलिश पेपर, १२० नंबरचा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. सनमायका असेल तर २२० पुरे, फक्त चमक मारायची. सनमायका म्हणजे शेवटी राळेत भिजवून, तापवून दाबलेले कागदच. नक्षी वरच्या कागदापुरती.

जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाची धूळ श्वासात नको. वॉटर पेपर घ्या, ओलं ठेवून घासा. नाकावर मास्क. मुलं लांब.

घासा. थांबा. घासा.

आता डोळे मिटा. तळवा दारावरून हलकेच फिरवा. कुठे अडखळतो? तिथेच राहा. डोळ्यांना गुळगुळीत दिसलेलं तळव्याला पटत नाही. तळव्याचं ऐका.

तिथे लांबी भरा. वाळली की पुन्हा २२०. पुन्हा तळवा.

प्रायमरचा एक हात. आज एवढंच.

दुसऱ्या दिवशी रंग. चकचकीत पांढरा दुकानात छान दिसतो, पण घरी प्रत्येक बोट दाखवतो. मला मंद चमकेचा बरा वाटतो. आणि पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत ऑइलपेंट वाळता वाळत नाही.

खिडकी उघडी ठेवा. ब्रशचं टोक तेवढं बुडवा. डब्याच्या कडेला टेकवा.

श्वास सोडता सोडता ब्रश पुढे न्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये न उचलता.

आता हात मागे घ्या. पाहा.

ब्रशच्या केसांच्या बारीक रेषा दिसतात. ओल्या, एकमेकींना समांतर. पाहत राहा. रंग स्वतःच पसरतोय. एक रेष बुजली. शेजारची बुजतेय.

पुन्हा ब्रश फिरवावासा वाटेल. फिरवू नका.

श्वास आत. श्वास बाहेर. अजून एक रेष.

रात्रभर वाळू द्या. मग ३२० चा हलका हात, पुसून घ्या, आणि रंगाचा दुसरा पातळ हात.

तोवर कप्पा उघडाच राहील. डबे, बरण्या, मागे गेलेला पोळपाट, सगळं दिसेल. घरातलं कुणीतरी विचारेलच, ‘दार कधी लागणार?’

सांगा, वाळलं की.