मानेसर गाळून लिहिलेली उत्तरं

उत्तरपत्रिका तपासल्या. प्रश्न सरळ होता: नफ्यातल्या कंपन्यांनी मंदीत माणसं वाढवावीत का? अर्ध्या वर्गाने ‘कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे’ एवढं ठोकून दिलं. उरलेल्यांनी माणुसकीचे गोडवे गायले. मारुतीच्या मानेसर कारखान्याचं नाव एकाच्याही पानावर नाही! वर्गात प्रकरण शिकवलं, तेव्हा डोकी कुठे होती? मोबाइलमध्ये.

आता तरी कान उघडे ठेवा. २०१८ साली आयएलअँडएफएस ही वित्तसंस्था बुडाली, इतर वित्तसंस्थांचा हात आखडला आणि गाड्यांची कर्जं अडली. जुलै २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री वर्षभरापूर्वीच्या तुलनेत तीस टक्क्यांहून अधिक पडली. सप्टेंबरमध्ये मारुती सुझुकीने गुरुग्राम आणि मानेसरचे कारखाने ७ आणि ९ तारखेला बंद ठेवले. त्याआधी, ऑगस्टमध्येच, सुमारे ३,००० हंगामी कामगारांचे करार पुढे वाढवले नसल्याचं अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी सांगितलं होतं. कायम कामगाराला काढायचं तर कायदा आडवा येतो. हंगामी माणसाला काढावंच लागत नाही, करार संपू दिला की झालं. मंदीचा पहिला घाव त्याच्याच पाठीवर का, हे कोणी लिहिलं? कोणीच नाही.

धर्मशाळावाल्यांनो, गणित मांडा. माणशी महिना २०,००० रुपये धरा. तीन हजार माणसं, बारा महिने: ७२ कोटी. कंपनीचा २०१८-१९चा निव्वळ नफा सुमारे ७,५०० कोटी, म्हणजे एक टक्कासुद्धा होत नाही. लाभांश मात्र शेअरमागे ८० रुपये. वर २० सप्टेंबरला सरकारने कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, आणि माणसं टिकवण्याची अट त्याला घातली नाही. हे दिसत नसेल तर वाणिज्य शाखेत करताय काय?

आणि माणुसकीवाल्यांनो, तुम्हीही शेफारू नका. गाड्या खपत नसताना नवी भरती करून ती माणसं बनवणार काय? कामगार पगारातून गाडी घेईल आणि मंदी पळेल, हे कोणत्या पुस्तकात वाचलंत? अडलेली कर्जं एका कारखान्याच्या भरतीने सुटत नाहीत, ते काम सरकारचं आणि रिझर्व्ह बँकेचं. मंदीत नवी भरती हा हट्टच चुकीचा. पण नफा असताना आहेत ती माणसं घालवणं त्याहून चुकीचं. जर्मनीने २००९ मध्ये कामाचे तास कमी केले, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारने दिला आणि माणसं कामावर ठेवली. आपल्याकडे निदान नफेवाल्यांना तरी हे का जमू नये, ते लिहा.

सोमवारी नवं उत्तर माझ्या टेबलावर हवं. गणितासकट. ज्याच्या पानावर पुन्हा ‘धर्मशाळा’ दिसेल, त्याने वर्गाबाहेर उभं राहायची तयारी ठेवावी.